घसारा नसलेली वस्तू

स्वस्तात मिळालेल्या वस्तूचा आपल्याला जेवढा आनंद होतो, तेवढा फुकट मिळालेल्या वस्तूचाही होत नाही. फुकटात उपकाराचा वास असतो, स्वस्तात आपली हुशारी दिसते. पुण्याच्या जुन्या बाजारातून पितळी कंदील किंवा मुंबईच्या चोरबाजारातून एखादे जर्मन भिंग घेऊन आलेला माणूस पुढचे आठ दिवस भेटेल त्याला 'ओळखा पाहू केवढ्याला पडले?' असे विचारत असतो. त्यातून ती वस्तू जुनी असूनही न वापरलेली निघाली तर विचारूच नका. घडी न मोडलेला शालू, खोक्यातून कधी बाहेरच न काढलेला रेडिओ, चाळीस वर्षे फडताळात पडून राहिलेला जपानी टी-सेट! 'जुन्या काळची, पण अगदी कोरी' हे शब्द कानी पडले की भल्याभल्यांचा हात खिशाकडे जातो.

या आनंदाला मी नावे ठेवणार नाही. बत्तीस वर्षे बँकेत काढली. लोकांनी तारण म्हणून आणलेल्या वस्तूंची किंमत ठरवण्यातच त्यातली निम्मी गेली. वस्तूची किंमत आणि वस्तूचे मोल यांत अंतर असते, हे त्या नोकरीने शिकवले. पण ते अंतर किती असू शकते, हे मला दोन वर्षांपूर्वी अमेरिकेत कळले. तिथे मी एका जुन्या, कोऱ्या आणि स्वस्तात मिळालेल्या वस्तूचा सौदा जवळून पाहिला. ती वस्तू होती सेमी-ऑटोमॅटिक रायफल.

माझा मुलगा ओहायो राज्यात राहतो. त्याचा शेजारी हा निवृत्त वीजतंत्री, अत्यंत सज्जन माणूस. आमच्या दारातला बर्फ न सांगता काढणारा, परसातले टोमॅटो आणून देणारा. एका दुपारी त्याने आम्हा दोघांना गॅरेजमध्ये बोलावले. लाकडी बाकावर एक लांबट खोका होता. आत मेणकागदात गुंडाळलेली, पिवळसर चिकट ग्रीसने माखलेली रायफल. लाकडी दस्ता, दुमडून ठेवता येणारी संगीन, चिनी अक्षरांचे शिक्के. त्याच्या वारलेल्या मेहुण्याने १९९१ साली ऐंशी डॉलरला एक, अशा दोन रायफली घेतल्या होत्या आणि तशाच माळ्यावर टाकल्या होत्या. विधवा बहीण घर आवरायला निघाली तेव्हा हिने त्यातली एक अडीचशे डॉलरला घेतली. बाजारात आज तिला याच्या दुप्पट सहज मिळतात, असे तो सांगत होता. "एकही गोळी झाडलेली नाही," हे वाक्य तर त्याने तीनदा म्हटले, आपल्याकडे 'एकाच डॉक्टरने वापरलेली गाडी' म्हणतात त्या सुरात. दुसरी अजून बहिणीकडेच होती. ती माझ्या मुलाने घ्यावी, असे त्याचे मत पडले.

रात्री जेवताना विषय निघालाच. मुलगा म्हणाला, "बाबा, मी काही शिकारीला जाणार नाही. पण अडीचशेला ही वस्तू पुन्हा मिळायची नाही. कुलुपात ठेवीन. दहा वर्षांनी हजाराला जाईल." सूनबाईंनी पोळी वाढता वाढता एवढेच विचारले, "आणि त्या दहा वर्षांत आपला चिन्मय किती वर्षांचा होईल?" नातू तेव्हा नऊ वर्षांचा होता. मुलगा "बघू" म्हणाला. मी मात्र त्यानंतर या रायफलीचा माग काढत राहिलो. स्वस्त वस्तू स्वस्त का, हे शोधल्याशिवाय बँकवाल्याला झोप येत नाही.

या रायफलीचे नाव एसकेएस. सर्गेई सिमोनोव या रशियन कारागिराने दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस ती बनवली आणि १९४९ साली ती सोव्हिएत सैन्यात दाखल झाली. सेमी-ऑटोमॅटिक म्हणजे चाप एकदा ओढला की एकच गोळी सुटते, पण पुढची गोळी आपोआप नळीत येऊन बसते. हाताने खटका मागेपुढे करावा लागत नाही. दहा गोळ्यांची तिची पेटी. रायफल उत्तम होती, पण तिचे नशीब फुटके. त्याच सुमारास कलाशनिकोव्हची एके-४७ आली आणि पाच-सहा वर्षांतच सिमोनोवची बंदूक आघाडीवरून मागे पडली. सैन्याच्या दृष्टीने जुनी झाली, कोठारात गेली. तोवर रशियाने तिचे आराखडे मित्रदेशांना दिले होते. चीनने १९५६ साली दोन्ही बंदुका आपल्या कारखान्यांत घेतल्या आणि दोघींनाही 'टाइप ५६' हेच नाव दिले. युगोस्लाव्हियाने बनवली, चिमुकल्या अल्बानियानेही बनवली. ज्या युद्धाच्या भीतीने त्या बनल्या, ते महायुद्ध झालेच नाही. लाखो रायफली ग्रीस फासून, कागदात गुंडाळून पेट्यांत पडून राहिल्या.

पडून राहिलेल्या मालाचे काय करायचे, हा प्रश्न दुकानदाराला पडतो तसा सरकारलाही पडतो. ऐंशीच्या दशकात चीनला डॉलर हवे होते आणि अमेरिकेला स्वस्त बंदुका. पेट्या जहाजांवर चढल्या. नव्वदच्या सुरुवातीला शंभर डॉलरच्या आत ही रायफल अमेरिकेत मिळत होती. चांगल्या बुटांच्या जोडाची ती किंमत! मे १९९४ मध्ये अध्यक्ष क्लिंटन यांनी चिनी बंदुकांच्या आयातीवर बंदी घातली, आवक थांबली आणि पडून असलेल्या मालाला भाव चढू लागला. शेजाऱ्याच्या मेहुण्याने १९९१ साली दिलेले ऐंशी डॉलर महागाई धरून आज पावणेदोनशेच्या घरात जातात. म्हणजे बहिणीला वर मिळाले ते सत्तरेक डॉलर. बाजारभाव तिला ठाऊक असता तर? प्रत्येक स्वस्त सौद्याच्या पलीकडच्या टोकाला कुणाची तरी गरज किंवा कुणाचे तरी अज्ञान उभे असते. पण तो भावाबहिणीचा मामला. मला अडला तो दुसराच मुद्दा.

या व्यवहारात कागद नव्हता. भावाने पैसे दिले, बहिणीने खोका दिला, संपले. परवानाधारक दुकानातून बंदूक घेतली तर तिथे गिऱ्हाइकाची पार्श्वभूमी तपासावी लागते. १९९३च्या ब्रॅडी कायद्याने ती सक्ती आणली आणि १९९८ पासून ती तपासणी संगणकावर होते. पण एकाच राज्यातल्या एका माणसाने दुसऱ्याला घरातली बंदूक विकली तर केंद्राचा कायदा तपासणी मागत नाही. काही राज्यांनी स्वतःचे नियम केले आहेत. ओहायोने तसा केलेला नाही. आमच्याकडे पाचशे रुपयांचे बचत खाते उघडायचे तर फोटो, पॅन, पत्त्याचा पुरावा लागतो. आणि इथे?

तरी अमेरिकेत सगळेच बेबंद आहे, असे म्हणणे अन्यायाचे होईल. तिथल्या सैन्याची स्वतःची जुनी सेमी-ऑटोमॅटिक रायफल म्हणजे गॅरंड. जॉन गॅरंड या अभियंत्याने ती बनवली, १९३६ साली सैन्याने ती स्वीकारली आणि पुढे चोपन्न लाखांच्या आसपास तयार झाल्या. मित्रदेशांना मदत म्हणून दिलेल्यांपैकी कित्येक परत आल्या. त्या नागरिकांना विकण्यासाठी १९९६च्या कायद्याने एक स्वतंत्र संस्था नेमून दिली. तिच्याकडून बंदूक घ्यायची तर नागरिकत्वाचा पुरावा, संलग्न नेमबाजी क्लबचे सदस्यत्व आणि पार्श्वभूमीची तपासणी, हे सगळे लागते. हौशी लोक ते आनंदाने करतात. म्हणजे जुनी बंदूक नोंदी ठेवून विकता येते आणि त्याने कुणाची हौस मरत नाही, हे अमेरिकेनेच दाखवून दिले आहे.

आता माझ्या मूळ मुद्द्याकडे येतो. माझ्या पहिल्या शाखेत एक दुनळी बंदूक होती. ती सांभाळायला सैन्यातून निवृत्त झालेले एक नाईक होते. आम्ही सगळे त्यांना 'सुभेदार' म्हणत असू आणि ते ती बढती निमूटपणे स्वीकारत. दर मार्चअखेर मी डेडस्टॉक रजिस्टर घेऊन बसे. खुर्च्या, पंखे, टंकलेखन यंत्र, तिजोरी आणि दुनळी बंदूक एक नग. प्रत्येकावर ठरल्या दराने घसारा लावायचा. असे करत करत बंदुकीची पुस्तकी किंमत एक रुपयावर आली. मी गमतीने सुभेदारांना म्हटले, "तुमच्या बंदुकीची किंमत आता एक रुपया बरं का!" ते काडतुसे मोजत होते. मान वर न करता म्हणाले, "वहीत असेल साहेब. नळीच्या पुढं उभं राहणाऱ्याला सांगून बघा."

हिशेबशास्त्राच्या पुस्तकात घसाऱ्याची व्याख्या आहे: वापराने, काळाने किंवा नवे काही आल्याने वस्तूच्या मूल्यात होणारी घट. खुर्ची मोडते, पंख्याचे बेअरिंग जाते, टंकलेखन यंत्राला संगणक गिळतो. किंमत उतरते तेव्हा वस्तूची उपयुक्तताही उतरत असते, म्हणून हा हिशेब खरा ठरतो. ग्रीसमध्ये ठेवलेल्या रायफलीला मात्र तो लागू पडत नाही. नवी बंदूक आली म्हणून सैन्याने ती बाद केली, किंमत पडली; पण तिच्या नळीतून गोळी पूर्वीच्याच वेगाने निघते. तिला लागणारी काडतुसे आजही अनेक देशांत बनतात आणि दुकानात मिळतात. साठ वर्षांनी ग्रीस पुसायची, एवढाच उशीर. इथे किंमत घसरते, ताकद घसरत नाही. बाजाराची वही एक सांगते आणि नळी दुसरे.

हे फरक लक्षात न घेतल्याने काय होते, याचे उदाहरण अल्बानियात घडले आणि बँकवाल्यांनी ते जन्मभर विसरू नये. तिथल्या साम्यवादी राजवटीने परचक्राच्या भीतीने देशभर बंकर बांधले आणि कोठारे शस्त्रांनी भरली. परचक्र आले नाही. राजवट गेली, कोठारे तशीच राहिली. मग आल्या गुंतवणुकीच्या साखळी योजना. १९९६च्या अखेरीस त्यातल्या एकीने दोन महिन्यांत दामदुप्पट द्यायचे कबूल केले होते. देशातल्या सुमारे दोनतृतीयांश लोकांनी त्यांत पैसे घातले. लोकांनी घरे विकली, गुरे विकली. १९९७च्या सुरुवातीला योजना कोसळल्या. आपल्याकडे अशा योजना बुडतात तेव्हा लोक कचेरीवर मोर्चा नेतात, दगड मारतात. तिथे संतापलेल्या जमावाला शस्त्रांची कोठारे सापडली. पाच लाखांहून अधिक शस्त्रे लुटली गेली आणि त्या अंदाधुंदीत सुमारे दोन हजार माणसे मेली. पुढे त्यातलीच शस्त्रे कवडीमोलाने सीमेपार कोसोव्होत गेली आणि तिथल्या लढाईत वापरली गेली. एका पिढीने भीतीपोटी साठवलेला माल दुसऱ्या पिढीच्या हाती रागाच्या क्षणी पडला. कुठल्याही सरकारी वहीत त्याची किंमत तेव्हा फार मोठी नसणार.

अल्बानिया दूर आहे, असे वाटत असेल तर आपला रायगड घ्या. १९९३ साली मी महाडला होतो. त्या वर्षी जानेवारी-फेब्रुवारीत दिघी आणि शेखाडीच्या किनाऱ्यावर जो माल उतरला त्यात आरडीएक्स होते, हातबाँब होते आणि एके-५६ रायफली होत्या. म्हणजे १९५६ साली चीनने घेतलेल्या त्या दोन बंदुकांपैकी दुसरी, एसकेएसची सावत्र बहीण. १२ मार्चला मुंबईत २५७ माणसे गेली ती प्रामुख्याने स्फोटांनी. पण त्या रायफलींपैकी एक एका नामवंत सिनेनटाच्या घरी पोचली. त्याने ती झाडल्याचा आरोप कुणीच केला नव्हता. घरच्यांच्या रक्षणासाठी ठेवली, असे त्याचे म्हणणे होते. बेकायदा शस्त्र बाळगल्याबद्दल २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याला पाच वर्षांची शिक्षा दिली. न झाडलेली बंदूक म्हणजे निरुपद्रवी बंदूक, हे आपल्या कायद्याला मान्य नाही. मला हा कायदा शहाणा वाटतो.

दुसरी बाजूही ऐकून घेतली पाहिजे. ती माझ्या शेजाऱ्याने आणि मुलाने मला अनेकदा ऐकवली. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या खुनांत बहुतेक वेळा पिस्तूल असते. रायफलींचा वाटा लहान आहे. हे खरे आहे. असल्या जुन्या रायफली घेणारे बहुतेक लोक संग्राहक असतात, कारागिरी पाहून हरखणारे, वर्षातून दोनदा तेलपाणी करणारे. हेही खरे आहे. माझ्या शेजाऱ्याच्या हातून मुंगीही मरायची नाही, हे मी स्टॅम्पपेपरवर लिहून द्यायला तयार आहे. पण मी ज्या माणसाची हमी देतो आहे तो सत्तरीचा आहे आणि ती रायफल अजून साठ वर्षे टिकणार आहे. त्याच्या मेहुण्याचीही कुणीतरी अशीच हमी दिली असती. तो गेला आणि खोका घर आवरणाऱ्याच्या हाती आला. शिवाय एक आकडा तिथे कुणी जेवणाच्या टेबलावर काढत नाही. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. बंदूक चोरासाठी म्हणून आणली जाते आणि घरातल्याच कुणाच्या तरी वाईट रात्री हाताशी सापडते. ज्या घरात वयात येणारे मूल आहे, त्या घराने दहा वर्षांनी मिळणाऱ्या हजार डॉलरांच्या शेजारी हा आकडा मांडून बघावा.

मग उपाय काय? बँकेत जे कर्ज घसाऱ्याने किंवा आशेने संपत नाही, ते शेवटी निर्लेखित करतात. तोटा सोसून खाते बंद करायचे. ऑस्ट्रेलियाने तसे केले. एप्रिल १९९६ मध्ये पोर्ट आर्थर इथे एका तरुणाने सेमी-ऑटोमॅटिक रायफलींनी ३५ माणसे मारली. पंतप्रधान जॉन हॉवर्ड हे काही डाव्या विचारांचे नव्हते. पण बारा दिवसांत त्यांनी सगळ्या राज्यांना एकत्र बसवून असल्या रायफलींवर बंदी ठरवली. आरोग्यासाठीच्या करात वर्षापुरती वाढ करून पैसा उभा केला, लोकांना रास्त किंमत दिली आणि साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका गोळा करून नष्ट केल्या. त्यानंतर तिथे गोळीबार झालेच नाहीत, असे नाही. पण माळ्यावरचा खोका वितळवायचा तर त्याचा खर्च समाजाने उचलला पाहिजे, हे त्या देशाने मान्य केले.

अमेरिका तसे करील, असे मला वाटत नाही. शस्त्र बाळगण्याचा हक्क तिच्या राज्यघटनेत आहे आणि तिचा इतिहास तिला लखलाभ. पण एवढे तरी मागता येईल की बंदुकीच्या प्रत्येक हस्तांतराची नोंद व्हावी, मग ते हस्तांतर भावाबहिणीतले का असेना. घर विकताना भाऊ बहिणीकडून सही घेतोच ना?

आणि आपल्याकडे? कोकणात शेतीरक्षणासाठी परवान्यावर दिलेल्या ठासणीच्या बंदुका आजही घराघरांत आहेत. निवडणूक आली की त्या पोलीस ठाण्यात जमा होतात आणि निकालानंतर परत येतात; गावाला त्याचे काही वाटत नाही. ही शिस्त चांगली आहे, ती टिकली पाहिजे. काळजी आहे ती दोन गोष्टींची. एक म्हणजे पैसा आलेल्या घरांत परवान्याची बंदूक ही प्रतिष्ठेची वस्तू होऊ लागली आहे. लग्नाच्या वरातीत हवेत गोळ्या झाडण्याची चाल इतकी वाढली की २०१९ साली कायद्यात दुरुस्ती करून तिला दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद करावी लागली. दुसरी म्हणजे वारसांचे दुर्लक्ष. आजोबा गेले, परवाना त्यांच्या नावाचा, बंदूक अजून खुंटीवर. मुले पुण्या-मुंबईत. 'जुनी आहे, चालत थोडीच असेल!' असे म्हणून कुणी तिच्याकडे पाहत नाही. परवानाधारक गेल्यावर ती बंदूक पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची असते आणि हवी असेल तर वारसाने स्वतःच्या नावे परवाना मागायचा असतो. या सुट्टीत गावी जाणाऱ्यांनी सातबारा पाहतो तशी ही गोष्टही पाहून घ्यावी. कुणी 'देऊन टाका, हजार रुपये देतो' म्हणाले तर त्या हजाराकडे बघू नये.

मुलाने ती दुसरी रायफल अद्याप घेतलेली नाही. घेणार नाही, असेही तो म्हणालेला नाही; तो सज्ञान आहे, त्या देशाचा नागरिक आहे. मी फोनवर त्याला एकच सांगितले, "अरे, 'एकही गोळी झाडलेली नाही' हे त्या बंदुकीच्या आजवरच्या मालकांचे पुण्य आहे. ते बंदुकीबरोबर विकत मिळत नाही. पुढच्या मालकाला ते पहिल्या दिवसापासून नव्याने सांभाळावे लागते, आणि त्यानंतरच्याला पुन्हा नव्याने." तो पुन्हा "बघू" म्हणाला. सूनबाई मागून काय म्हणाल्या ते मला नीट ऐकू आले नाही, पण सूर ठाम होता.